कायद्याआधीचा कौल

२३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने तीन कामगार संहिता मंजूर केल्या. पहिली औद्योगिक संबंधांची, दुसरी सामाजिक सुरक्षेची आणि तिसरी व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाच्या परिस्थितीची. आदल्या दिवशी लोकसभेने त्यांच्यावर शिक्कामोर्तब केले होते. दोन्ही दिवशी विरोधी बाके जवळजवळ रिकामी होती. भिवंडी हे यंत्रमागांवर जगणारे शहर. त्याच्या दृष्टीने याहून मोठा कायदेबदल गेल्या कित्येक वर्षांत झालेला नाही, आणि नेमक्या त्याच वेळी अडचणीचे प्रश्न विचारणारे सभागृहात नव्हते. ते का नव्हते, याचे उत्तर कामगार संहितांच्या मजकुरात सापडत नाही. ते तीन दिवस आधी शेतीच्या विधेयकांवर झालेल्या कामकाजात सापडते.

कायदा मंजूर झाला की वर्तमानपत्रांत बातमी येते, बाजूने किती आणि विरोधात किती याचे आकडे येतात. पण त्याआधीच काही निर्णय झालेले असतात. विधेयक आजच चर्चेला घ्यायचे की समितीकडे पाठवायचे, चर्चेला किती तास द्यायचे, दुरुस्त्या एकेक करून मतास टाकायच्या की एका दमात, मत आवाजाने घ्यायचे की नावानिशी मोजून, हे सगळे आधी ठरते आणि विधेयकाचे भवितव्य बहुधा तिथेच पक्के होते. माग चालवणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बीमवर ताणा जेवढ्या रुंदीचा बांधला, त्याहून रुंद कापड मागावरून उतरत नाही. या लेखात या ‘आधीच्या’ निर्णयांचा आढावा घ्यायचा आहे.

चार दिवसांची साखळी

रविवार, २० सप्टेंबर २०२०. करोनाच्या काळात राज्यसभा सकाळच्या सत्रात भरत होती. शेतीची दोन विधेयके चर्चेला होती. सभागृहाची ठरलेली वेळ संपत आली तेव्हा मंत्र्यांचे उत्तर आणि मतदान दुसऱ्या दिवशी घ्या, अशी मागणी विरोधकांनी केली. पीठासीन असलेले उपसभापती हरिवंश यांनी कामकाज पुढे चालू ठेवले. विधेयके प्रवर समितीकडे पाठवा, असे प्रस्ताव विरोधकांनी दिले होते. ते आवाजी मतदानाने फेटाळले गेले. विरोधकांनी मतविभागणी मागितली, ती मिळाली नाही. मागणी करणारे सदस्य आपल्या जागेवर नव्हते, असे कारण नंतर देण्यात आले. विरोधकांनी ते नाकारले. गोंधळ झाला, नियमपुस्तिका फाडण्याचा प्रयत्न झाला आणि त्या गदारोळातच विधेयके संमत झाली.

सोमवारी, २१ तारखेला, आठ सदस्यांना उरलेल्या अधिवेशनापुरते निलंबित करण्यात आले. त्यांत हिंगोलीचे राजीव सातव होते. निलंबन मागे घ्या, या मागणीसाठी मंगळवारी विरोधकांनी बहिष्कार टाकला, लोकसभेतील विरोधकही बाहेर पडले. त्याच मंगळवारी लोकसभेत आणि बुधवारी राज्यसभेत कामगार संहिता मंजूर झाल्या.

आता या संहितांत काय होते ते पाहू. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या उद्योगात १० कामगार असले की तो ‘कारखाना’ ठरत असे, विजेविना चालणाऱ्यात २०. नव्या संहितेत हे आकडे २० आणि ४० झाले. भिवंडीत एका गाळ्यात काही माग असतात, एक कामगार एकाच वेळी अनेक माग सांभाळतो आणि पाळी सहसा बारा तासांची असते. अशा छोट्या शेडमधली कामगारसंख्या बहुधा या दोन आकड्यांच्या आसपासच घुटमळते. १० चे २० झाले की कारखान्यांसाठी केलेल्या खास कलमांच्या कक्षेतून कोण बाहेर पडतो, हा भिवंडीचा प्रश्न आहे. २०१९ मध्ये जो मसुदा संसदेच्या स्थायी समितीपुढे गेला, त्यात १० चाच आकडा होता. २०२० मध्ये नव्याने आणलेल्या विधेयकात तो दुप्पट झाला. नवी विधेयके पुन्हा समितीकडे पाठवा, अशी मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही.

आकडा वाढवणे योग्य की अयोग्य, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. छोट्या कारखानदाराला कागदपत्रांचा जाच कमी होतो, हा मुद्दा भिवंडीतल्या मालकांना पटणारा आहे, आणि तो खोटाही नाही. पण कामगाराच्या सुरक्षिततेचे काय, हा प्रश्न तितक्याच जोराने संसदेच्या पटलावर यायला हवा होता. शेतीच्या विधेयकांवरची एक मतविभागणी नाकारली गेली आणि तिचे पडसाद कामगारांच्या विधेयकांवर उमटले. या संहिता पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. शेतीचे कायदे मात्र वर्षभराच्या आंदोलनानंतर २९ नोव्हेंबर २०२१ रोजी मागे घेण्यात आले आणि मागे घेण्याचे विधेयकही दोन्ही सभागृहांत चर्चेविना काही मिनिटांत संमत झाले. कायदे आले तेही घाईत आणि गेले तेही घाईत.

चर्चेच्या चाव्या

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात महत्त्वाच्या विधेयकाआधी एक स्वतंत्र ठराव मतास टाकतात. किती तास चर्चा, कोणत्या दुरुस्त्या चालतील, हे नियम समिती त्या ठरावात लिहून देते. तो ठराव पडला तर विधेयक पुढे सरकत नाही. दोन दशके असा ठराव कधी पडला नव्हता. जून २०२३ मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच काही सदस्यांनी तो पाडला, तेव्हा या मतदानाचे वजन जगाला दिसले. आपल्याकडे असा एकच ठराव नसतो. तेच काम वेगवेगळ्या टप्प्यांवर वाटलेले आहे.

पहिली चावी कामकाज सल्लागार समितीकडे असते. अध्यक्ष तिचे प्रमुख आणि सर्व पक्षांचे गटनेते तिचे सदस्य. अधिवेशन किती दिवस, कोणत्या विधेयकाला किती वेळ, हे ती ठरवते. समितीचा अहवाल सभागृह मान्य करते, बहुधा एका वाक्यात. दुसरी चावी विधेयक विचारात घेण्याच्या प्रस्तावाची. या वेळी सदस्यांपुढे तीन मार्ग असतात. विधेयक लगेच विचारात घ्यावे, प्रवर किंवा संयुक्त समितीकडे पाठवावे, नाहीतर लोकांची मते मागवण्यासाठी प्रसृत करावे. यांतला कोणता मार्ग निवडला, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. लोकसभेच्या नियमांप्रमाणे विधेयकाची प्रत दोन दिवस आधी मिळाली नसेल तर कोणीही सदस्य हरकत घेऊ शकतो, पण अध्यक्षांना ती हरकत बाजूला ठेवता येते.

तिसरी चावी चर्चा संपवण्याची. ‘आता प्रश्न मतास टाकावा’ असा प्रस्ताव संमत झाला की भाषणे थांबतात. अर्थसंकल्पात गिलोटिनचा वापर होतो: ठरलेली वेळ संपली की उरलेल्या सर्व मागण्या चर्चेविना एकत्र मतास टाकल्या जातात. मार्च २०१८ मध्ये लोकसभेत सर्वच मंत्रालयांच्या मागण्या अशा रीतीने काही मिनिटांत मंजूर झाल्या. चौथी चावी धन विधेयकाची. लोकसभाध्यक्षांनी एखादे विधेयक धन विधेयक म्हणून प्रमाणित केले की राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते. भिवंडीच्या कापड व्यापाराचे हिशेब बदलून टाकणारी वस्तू व सेवा कराची चार विधेयके मार्च २०१७ मध्ये याच वाटेने आली. लोकसभेने ती २९ मार्चला संमत केली आणि ६ एप्रिलला राज्यसभेने बदल न सुचवता परत पाठवली.

पाचवी चावी मत मोजण्याची, आणि सगळ्यांत दुर्लक्षित तीच आहे. पीठासीन अधिकारी प्रस्ताव वाचतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावे असे सांगतात आणि कानाला जे मोठे वाटले त्यावरून निर्णय जाहीर करतात. या पद्धतीत कोणाचे नाव नोंदले जात नाही. नाव हवे असेल तर मतविभागणी मागावी लागते.

विठ्ठलभाईंचे एक मत

या प्रश्नाचे महत्त्व आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निर्वाचित भारतीय अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल हे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात घडलेले नेते होते. सप्टेंबर १९२८ मध्ये सरकारने सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणले. कामगार चळवळीत शिरलेल्या परदेशी कम्युनिस्टांना हाकलण्याचा अधिकार सरकारला हवा होता. विधेयक विचारात घ्यावे की नाही, एवढ्याच प्रस्तावावर मतदान झाले आणि मते पडली ६१ विरुद्ध ६१. निर्णायक मत अध्यक्षांचे होते. विठ्ठलभाईंनी ते प्रस्तावाविरुद्ध दिले. इतका असाधारण कायदा हवा असेल तर तो मागणाऱ्यानेच सभागृहात बहुमत मिळवून दाखवावे, अशी त्यांची भूमिका होती. विधेयक विचारार्थ घेण्याच्या उंबरठ्यावरच अडले.

१९२९ च्या सुरुवातीला ते पुन्हा आले. त्याच काळात कम्युनिस्ट व कामगार नेत्यांवरचा मीरतचा खटला सुरू झाला. न्यायालयात जे प्रकरण आहे त्याला हात न लावता या विधेयकावर चर्चाच होऊ शकत नाही, म्हणून एकतर खटला थांबवा किंवा विधेयक, असे विठ्ठलभाईंनी सरकारला सांगितले. ८ एप्रिल १९२९ रोजी कामगार तंटा विधेयक संमत झाले आणि विठ्ठलभाई सुरक्षा विधेयकावरील निर्णय द्यायला उठले, त्याच वेळी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकले. पुढे विठ्ठलभाईंनी विधेयकाचा प्रस्ताव नियमबाह्य ठरवला आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. सरकारचा हेतू साध्य झाला खरा, पण विधिमंडळाचा शिक्का त्याला मिळाला नाही.

दुसरे उदाहरण कोकणचे. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेच्या पुण्यातील अधिवेशनात खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते खासगी सदस्याचे विधेयक होते. अशा विधेयकांना सभागृहात मोजकाच वेळ मिळतो आणि सरकारी कामकाजाचा हक्क आधी असतो. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत मोर्चा काढला, तरी विधेयक पुढे गेले नाही. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने. एखाद्या विधेयकाला विरोध न करताही ते अडवून ठेवता येते, हे त्या बारा वर्षांनी दाखवले.

त्या विधानसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर पुढे पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात, १९५२ मध्ये, लोकसभेत कामकाज सल्लागार समिती नेमली गेली. वेळेचा वाद सभागृहात घालण्यापेक्षा सर्व पक्षांनी बसून तो मिटवावा, हा त्यामागचा विचार. वटहुकमांच्या वापरावर ते पंतप्रधान नेहरूंशीही स्पष्ट बोलले. मावळंकरांची समिती चालते ती सामंजस्यावर. सामंजस्य असेल तर ती उत्तम व्यवस्था आहे. ते नसेल तर बंद खोलीतला बहुमताचा निर्णय सर्वसहमतीच्या नावाने बाहेर येतो, आणि खोलीत कोण काय म्हणाले हे मतदाराला कळायला मार्ग नसतो.

विधानभवनातले अनुभव

महाराष्ट्रात गेल्या दशकात या सर्व चाव्या वापरल्या गेल्या, आणि सत्तेवर कोण आहे यावरून त्यात फारसा फरक पडला नाही.

१२ नोव्हेंबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभागणी मागत होत्या. अल्पमतातल्या सरकारला त्या दिवशी नेमके कोणी तारले, याची नावानिशी नोंद विधिमंडळात नाही. ४ जुलै २०२२ रोजी एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली, १६४ विरुद्ध ९९. तो निकाल कोणाला आवडो न आवडो, त्या दिवशी कोण कुठे उभे राहिले हे कायमचे नोंदले गेले.

५ जुलै २०२१ रोजी महाविकास आघाडीच्या काळात भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. त्यानंतरच्या कामकाजात विरोधी बाजूची बारा मते कमी होती. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव रद्द केला. अधिवेशनापलीकडचे निलंबन म्हणजे मतदारसंघाला प्रतिनिधीविना ठेवणे, हा त्यातला कळीचा मुद्दा. संविधानाचा अनुच्छेद २१२ विधिमंडळाच्या कार्यपद्धतीतील अनियमिततेला न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवतो. पण अनियमितता वेगळी आणि बेकायदेशीरपणा वेगळा, हा भेद न्यायालयाने आधीच्या निकालांत केला होता, आणि इथे तो उपयोगी पडला.

२९ नोव्हेंबर २०१८ रोजी मराठा आरक्षणाचे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेविना, एकमताने संमत झाले. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. चर्चा झाली असती तर तो टिकला असता, असे म्हणता येणार नाही. पण पन्नास टक्क्यांच्या मर्यादेचा आणि १०२ व्या घटनादुरुस्तीचा प्रश्न आपल्या आमदारांनी कसा हाताळला, हे सांगणारे एक पानही विधिमंडळाच्या कार्यवाहीत नाही. ज्या समाजासाठी कायदा केला, त्याचेच यात नुकसान झाले. २० फेब्रुवारी २०२४ रोजी एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात दुसरा कायदा पुन्हा तसाच झाला.

२८ डिसेंबर २०२२ रोजी मुख्यमंत्र्यांनाही कक्षेत घेणारे लोकायुक्त विधेयक विधानसभेत चर्चेविना मंजूर झाले, कारण विरोधक दुसऱ्या विषयावर सभात्याग करून गेले होते. इथे दोष एकट्या सरकारला देता येणार नाही. ज्या विधेयकावर विरोधकांनी रात्रभर बोलायला हवे होते, ते त्यांनी रिकाम्या बाकांच्या हवाली केले.

उलट उदाहरण विशेष जनसुरक्षा विधेयकाचे. जुलै २०२४ मध्ये ते घाईत आले आणि अडले. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा मांडून ते संयुक्त समितीकडे गेले. चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, काही शब्दरचना बदलली आणि १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ते आवाजी मतदानाने संमत केले. कायद्यावरचे गंभीर आक्षेप संपले नाहीत. तरीही साध्या नागरिकाला पत्र लिहून आपले म्हणणे नोंदवता आले, ते केवळ ‘समितीकडे पाठवावे’ या एका प्रस्तावामुळे. ही वाट देशभर अरुंद होत चालली आहे. पीआरएस या संस्थेच्या नोंदींप्रमाणे पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत फक्त १६ टक्के.

महासभेतली हाताची मते

विधानभवन दूरचे वाटत असेल तर आपली महासभा पाहावी. भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेत ९० नगरसेवक. डिसेंबर २०१९ मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली. ४७ नगरसेवक असलेल्या काँग्रेसला पद सहज मिळायला हवे होते, पण तिच्या १८ नगरसेवकांनी पक्षादेश झुगारला आणि पद कोणार्क विकास आघाडीकडे गेले. मतदान हात उंचावून झाले होते. म्हणूनच ही १८ नावे कळली आणि त्यांच्यावर पक्षांतरबंदीच्या कायद्याखाली तक्रार करता आली. तेच मत आवाजी असते तर शहरात नुसती कुजबुज उरली असती.

महासभेतही विषयपत्रिका हीच खरी सत्ता असते. कोणता विषय आधी, कोणता पुढच्या सभेवर ढकलायचा, कोणता ‘आयत्या वेळचा’ म्हणून शेवटी घुसवायचा, कोणती उपसूचना मतास टाकायची, हे ज्याच्या हातात असते त्याच्या हातात पाण्याचा आणि रस्त्याचा निर्णय असतो. जून २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत शहरात प्रशासक होता. त्या काळात विषयपत्रिकेवर भांडायलाही कोणी निवडून आलेला माणूस नव्हता. पालिकेची सभा कितीही गोंधळाची असली, तरी सभाच नसण्यापेक्षा ती बरी, हे भिवंडीकरांनी अनुभवाने जाणले आहे.

मर्यादा हवी, पण उघड हवी

चर्चेला मर्यादाच नको, असे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. १८८१ मध्ये ब्रिटिश संसदेत आयरिश सदस्यांनी सलग ४१ तास कामकाज रेटून धरले, तेव्हा अध्यक्षांनी आपल्या अधिकारात चर्चा थांबवली आणि चर्चाबंदीचा नियम जन्मला. मूठभर लोक बोलत राहून निवडून आलेल्या बहुमताला कारभार करू देत नसतील तर तीही लोकशाहीची पायमल्लीच आहे. आपल्याकडेही अधिवेशनाचे आठवडे गोंधळात वाया घालवायचे आणि शेवटी घाईचा आरोप करायचा, हा प्रकार सर्व पक्षांनी केलेला आहे.

म्हणून प्रश्न मर्यादा घालण्याचा नाही, ती उघडपणे आणि जबाबदारीने घालण्याचा आहे. त्यासाठी तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. विधेयक समितीकडे पाठवण्याचा, चर्चा संपवण्याचा किंवा नियम शिथिल करण्याचा कोणताही प्रस्ताव असो, एका सदस्यानेही मागितली तर मतविभागणी सक्तीची असावी. आता बटणे दाबून काही सेकंदांत मत नोंदवता येते, त्यामुळे वेळ जातो ही सबब चालणार नाही. कामकाज सल्लागार समितीच्या बैठकीचे इतिवृत्त त्याच आठवड्यात लोकांसाठी खुले व्हावे. आणि आणीबाणीची वेळ सोडली तर विधेयकाचा मराठी मसुदा आणि त्यावरची चर्चा यांत ठरावीक दिवसांचे अंतर अटळ असावे. ते अंतर माफ करायचे असेल तर माफ करणाऱ्यांची नावे नोंदली जावीत.

भिवंडी लोकसभा मतदारसंघातल्या आणि शहर-तालुक्यातल्या तिन्ही विधानसभा मतदारसंघांतल्या मतदारांना एक विनंती. आपला खासदार किंवा आमदार दारी येतो तेव्हा आपण विचारतो, अमुक कायद्याला तुम्ही पाठिंबा दिला का? यापुढे आणखी तीन प्रश्न विचारा. ते विधेयक समितीकडे पाठवा असे तुम्ही म्हणालात का? त्यावर बोलायला जास्त वेळ मागितलात का? आणि मतविभागणीची मागणी झाली तेव्हा तुम्ही सभागृहात होतात का? या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात हे एकदा प्रतिनिधींना कळले, की सभागृहातली बाके इतकी सहज रिकामी राहणार नाहीत.